अर्धा कावळा

अंबडच्या कंपनीत यंत्रं बसवायला आलेला
मोरिकावा नावाचा माणूस
सिडकोत आमच्या वरच्या खोलीत अकरा महिने राहिला.
नावात एक मोर आणि अर्धा कावळा,
असं माझा पुष्कर म्हणायचा,
आणि मी त्याला दटावायचे.

डबा माझाच.
पोळ्या, भाजी, आमटी,
आणि घोटीकडचा इंद्रायणी,
कारण सुटा भात त्याच्या काड्यांमधून सांडायचा.
जेवणाआधी तो हात जोडून पुटपुटायचा,
'इतादाकिमास.'
कुणाला, ते कळायचं नाही.
सासरे ताटाभोवती पाणी फिरवून
चार शितं बाजूला ठेवायचे,
तीही कुणाला, आम्ही कधी विचारलं नव्हतं.

आमटी मात्र भुरकायचा,
आवाज जिना उतरून खाली यायचा.
ज्या भुरक्यासाठी पोराला मी चापट मारलेली,
तो त्यांच्याकडे शिष्टाचार निघाला.
त्या दिवसापासून घरात दोघं भुरकू लागले.

त्याचा चहा मी एकदाच प्याले.
पालक धुतलेलं पाणी, वर साखर नाही.
पण पेला त्याने दोन्ही हातांनी दिला होता,
म्हणून संपवला.

एक चूक सांगायची राहिली.
पहिल्या आठवड्यात, कौतुकानं,
मी भाताची मूद पाडली
आणि त्याच्या काड्या तिच्यात खोचल्या,
ताठ, गुढीसारख्या.
त्याने बघितलं.
दोन्ही काड्या हळूच उपटून आडव्या ठेवल्या
आणि जेवला. शब्द नाही.

मग एका रविवारी तो ताटली घेऊन खाली आला:
भाताचे तीन गोळे,
मिठाच्या पाण्याने ओल्या केलेल्या हातांनी वळलेले,
वर काळे तीळ.
आत लिंबाचं लोणचं, माझ्याच बरणीतलं.
तो हसत होता.
माझ्या हातात ताटली, डोळ्यांपुढे रामकुंड.

यांच्या दहाव्याला कावळा दीड तास शिवला नव्हता.
दीर म्हणाले, पोराला शिकवू.
नाही.
सासरे म्हणाले, सोसायटीचे हप्ते मी भरीन.
नाही.
ऊन चढलं, भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं.
शेवटी मी म्हणाले, मी खाणावळ काढीन,
कुणापुढे हात पसरणार नाही.
तेव्हा आला.

मोरिकावा वर गेल्यावर
दार लावून, उभ्या उभ्या,
एक गोळा खाल्ला.
मीठ त्याचं, आंबट माझं.
उरलेले दोन पुष्करने संपवले,
आणखी आहेत का विचारलं.

माघात त्याची आई गेली.
यंत्र अर्धं बसलेलं, सुट्टी मिळाली नाही.
मी गच्चीत पापड वाळत घालायला गेले, तर
कठड्यावर वाटी, वाटीत वाफाळता भात,
आणि भातात काड्या. ताठ.

तेव्हा कळलं, मी त्याला
पहिल्या आठवड्यात काय वाढलं होतं.
त्यालाही मी कधी सांगितलं नव्हतं
त्याने मला काय आणून दिलं ते.

आणि कावळा आला.
त्याचे जोडलेले हात सुटायच्या आत.
एक काडी पाडली, चोचभर भात घेतला.
तो हुसकायला धावला,
त्यांच्याकडे कावळा म्हणजे उकिरडे उपसणारा चोर.
मी त्याचं मनगट धरलं.
अकरा महिन्यांत पहिल्यांदा आणि शेवटचं.

सांगायचं कसं?
त्याचं मराठी: पाणी, पुरे, उद्या सुट्टी.
मी त्याच्या मोबाइलमध्ये बोलले,
'कावळा शिवला. आई सुखाने गेली.'
मोबाइलने विचार केला, त्याला काहीतरी दाखवलं.
त्याने अंगठा आणि बोटाची चिमूट करून
हवेत सुईदोऱ्याचे दोन टाके घातले
आणि माझ्याकडे बघितलं. असं?

शिवला. शिवलं.
मी नाही म्हणणार होते.
मग म्हटलं, असंच.

'हाय,' तो म्हणाला.
त्यांच्यात हाय म्हणजे हो.

कावळ्याने पोटभर खाल्लं.
वाटी मी घासायला खाली आणली.